ओळख पटण्याआधीच संपलेली मेमरी: चाकणच्या एका कारखान्यातल्या चॅट सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा कारखाना चाकण एमआयडीसीत आहे. मोटारींचे सुटे भाग बनवतो, तीन पाळ्यांत चालतो, गुरुवारी बंद असतो. कंपनीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. मी तिथे नोकरीला नव्हतो. कोथरूडमध्ये बसून पाच-सहा कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो, त्यांतली ही एक.

इथलं रोजचं काम चॅटवर चालतं. मशीनवर नवं सेटिंग झालं की ऑपरेटर फर्स्ट पीसचा, म्हणजे पहिल्या नगाचा, फोटो क्वालिटीला पाठवतो आणि तिकडून होकार आला की लॉट सुरू होतो. स्टोअर्स, टूलरूम, डिस्पॅच, सगळ्यांचे गट आहेत. ड्रॉइंग आणि तपासणीचे फोटो सार्वजनिक मेसेजिंग अ‍ॅपवर टाकायचे नाहीत, अशी ग्राहकांच्या करारात अट असल्यामुळे कंपनीने स्वतःचा चॅट सर्व्हर ठेवला होता. एक्सएमपीपी हा चॅटसाठीचा खुला प्रोटोकॉल, त्यावर प्रोसोडी हे मुक्त सॉफ्टवेअर, वापरणारे सुमारे सव्वादोनशे लोक. प्रोसोडी ल्वा भाषेत लिहिलेला आणि अतिशय हलका आहे. दोन जीबी मेमरीच्या व्हर्च्युअल मशीनवर एवढी माणसं तो सहज सांभाळतो. जागा रिकामी दिसते म्हणून त्याच मशीनवर गेटपास आणि स्टोअर्सचा डेटाबेसही बसवलेला होता.

पुढे जे घडलं त्याची बीजं दोन जुन्या निर्णयांत होती. पहिला: एका जादा मॉड्यूलसाठी प्रोसोडी डेबियनच्या (मशीनवरच्या लिनक्सच्या) तयार पॅकेजमधून न घेता सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधून बसवला होता. मशीनवर सुरक्षा अपडेट रोज रात्री आपोआप होत होते, पण ते पॅकेजमधून आलेल्या सॉफ्टवेअरचे. हाताने बसवलेली ०.११.५ ही आवृत्ती जिथल्या तिथे राहिली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण अपडेटचा अहवाल रोज 'सर्व ठीक' असाच यायचा. दुसरा: मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा घरून काम करणाऱ्यांसाठी पोर्ट ५२२२, म्हणजे चॅट अ‍ॅप सर्व्हरला जोडायचं दार, बाहेरच्या जगाला उघडलं. व्हीपीएनचे, म्हणजे घरून सुरक्षितपणे आत जोडून घेण्याचे, परवाने मोजके होते आणि दोन दिवसांत डिझाइन, अकाउंट्स, मार्केटिंग घरी गेलं होतं. तो निर्णय त्या घडीला योग्यच होता. तो कधी फिरवायचा हे मात्र कुठेच लिहिलं गेलं नाही.

अडचण

जुलै २०२१, शुक्रवार, दुसरी पाळी. रात्री साडेनऊच्या सुमारास गेटवरून फोन आला की गेटपास निघत नाहीये. दोन गाड्या भरून उभ्या. कारखान्यातल्या तरुण प्रशासकाने पाहिलं तर डेटाबेस बंद पडलेला. त्याने तो पुन्हा सुरू केला, गाड्या सुटल्या. शनिवारी सकाळी तेच. दुपारी पुन्हा तेच, आणि या वेळी चॅटही दहा मिनिटं अडखळली. फर्स्ट पीसचे होकार अडकले, दोन मशीन थांबली.

शनिवारी त्याचा मला फोन आला. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: मेमरी संपली, म्हणून कर्नलने डेटाबेसची प्रोसेस मारली. त्या ओळीत डेटाबेसचा आकार साधारण ८,५०,००० केबी दिसत होता. लॉगमध्येच त्या ओळीच्या वर सगळ्या प्रोसेसचा तक्ता होता, त्यात ल्वाच्या प्रोसेससमोर, म्हणजे प्रोसोडीसमोर, आकडा होता १,९०,०००. डेटाबेस चौपट मोठा, म्हणजे दोषी तोच, असं त्याने मला सांगितलं आणि मी मान डोलावली.

इथे आमची पहिली चूक झाली, आणि ती मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण या सापळ्यात कुणीही अडकेल. 'प्रोसेस मारली' या ओळीतला आकडा केबीमध्ये असतो. वरच्या तक्त्यातला आकडा असतो पानांमध्ये, म्हणजे कर्नल मेमरीचे जे ठरावीक तुकडे पाडतो त्यांत, आणि आमच्या मशीनवर एक पान चार केबीचं. म्हणजे ल्वाची ती प्रोसेस १९० एमबीची नव्हती, जवळजवळ ७४० एमबीची होती. एरवी ती ६०-७० एमबीच्या वर जात नसे. आम्ही दोन वेगळ्या एककांतले आकडे शेजारी ठेवून तुलना केली. शिवाय कर्नल सहसा सर्वांत जास्त जागा व्यापणाऱ्याला मारतो. अचानक कोण फुगलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डेटाबेस त्याच्या नेहमीच्या आकारात निवांत बसला होता. बळी तो गेला आणि संशयही त्याच्यावरच आला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही मशीनची मेमरी दोनवरून चार जीबी केली. कारण माहीत नसताना मेमरी वाढवणं हा उपचार नव्हे हे मला कळत होतं, पण रविवारी ऑडिटसाठी माल जायचा होता आणि प्लँट हेड दर अर्ध्या तासाला विचारत होते, "साहेब, रात्री चालेल ना?" मी हो म्हटलं.

कारण शोधताना

रविवारी रात्री सव्वाअकराला पुन्हा पडलं. या वेळी मेली ती ल्वाची प्रोसेस, अडीच जीबीहून अधिक फुगून. जास्त मेमरी मिळाल्यामुळे फुगणारा डेटाबेसच्या पुढे निघून गेला आणि कर्नलच्या नजरेत आला. उपचार म्हणून केलेल्या गोष्टीने निदान केलं.

सोमवारी सकाळी नाशिक फाटा, मोशी करत मी कारखान्यात पोहोचलो तेव्हा प्रशासकाने रात्रीच्या उघड्या जोडण्यांची यादी काढून ठेवली होती. चांगलं काम केलं होतं पोराने. मेमरी वाढताना दिसली की यादी आपोआप साठवणारी छोटी स्क्रिप्ट त्याने रविवारी दुपारीच लावली होती. मला हजारो जोडण्यांची अपेक्षा होती. यादीत पोर्ट ५२२२ वरच्या अनोळखी जोडण्या होत्या फक्त ५८, त्याही चार पत्त्यांवरून. प्रोसोडीच्या लॉगमध्ये त्या प्रत्येकीसाठी 'क्लायंट जोडला गेला' एवढीच नोंद. लॉगिन झाल्याची एकही नाही.

एक्सएमपीपी कसं चालतं हे माहीत असेल तर पुढचं उलगडतं. जोडणी उघडल्यापासून बंद होईपर्यंतचं सगळं संभाषण म्हणजे एक लांबलचक एक्सएमएल दस्तऐवज असतो. त्यातला प्रत्येक संदेश, ज्याला स्टँझा म्हणतात, शेवटचा टॅग येईपर्यंत अपुरा असतो, आणि सर्व्हरला तोवर तो मेमरीत धरून ठेवावा लागतो. लॉगिनची देवाणघेवाणही याच प्रवाहातून होते. म्हणजे समोरचा कोण हे कळायच्या आधी त्याचं बोलणं साठवून घ्यावंच लागतं. किती साठवायचं, हा सगळा प्रश्न.

प्रोसोडीच्या त्या जुन्या आवृत्तीत एका स्टँझाची मर्यादा होती १० एमबी. ५८ गुणिले १० म्हणजे ५८० एमबी. मग अडीच जीबी कुठून आले? दोन कारणं. एक्सएमएल मेमरीत जसंच्या तसं राहत नाही. प्रत्येक टॅगसाठी ल्वामध्ये टेबलं तयार होतात, आणि चार अक्षरांचा रिकामा टॅगसुद्धा शेकडो बाइट खातो. दुसरं कारण ल्वाच्या कचरा गोळा करण्याच्या, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करण्याच्या, पद्धतीत. तिची पूर्वनिर्धारित 'पॉज' किंमत २०० असते. याचा अर्थ, एक फेरी संपल्यावर वापरातली मेमरी दुप्पट होईपर्यंत पुढची फेरी सुरूच होत नाही. रोजच्या कामात हे शहाणपणाचं आहे, उगाच झाडू मारत बसावं लागत नाही. पण कुणी मुद्दाम भरत असेल तर त्या दुपटीतच मशीन बुडतं.

हे सगळं आम्ही सोमवारी सकाळी शोधून काढलं असं सांगायला मला आवडलं असतं. ते आधीच जाहीर झालेलं होतं. मे २०२१ मध्ये प्रोसोडीच्या विकासकांनी ०.११.९ आवृत्ती काढली आणि सोबत सुरक्षेची सूचना प्रसिद्ध केली. त्यातला एक दोष, सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२१-३२९१८ या क्रमांकाचा, नेमका हाच: ल्वा ५.२ किंवा ५.३ वर, मूळ सेटिंगमध्ये, लॉगिन न करता दुरून मेमरी संपवता येते. प्रकार नवाही नव्हता. २०११ मध्ये एक्सएमएल एंटिटी (मजकुराची लघुरूपं) एकमेकींत गुंफून मेमरी फुगवण्याचा दोष अनेक एक्सएमपीपी सर्व्हरमध्ये दुरुस्त करावा लागला होता. एप्रिल २०१४ मध्ये दाबून पाठवलेल्या मजकुराचा, म्हणजे काही केबी पाठवून समोर कित्येक एमबी उलगडायला लावण्याचा. प्रत्येक वेळी वाट वेगळी, पण मुक्काम एकच. आमच्याकडे दुरुस्ती दोन महिने उपलब्ध होती आणि ती बसवली गेली नव्हती. हा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारणं मला योग्य वाटत नाही.

समोरचे पर्याय

सोमवारी सकाळी अकरा वाजता आयटी मॅनेजर, प्लँट हेड, प्रशासक आणि मी बसलो. पोर्ट ५२२२ बाहेरून बंद करणं सर्वांत सोपं होतं, पण साठेक माणसं अजून घरून काम करत होती, त्यांत विलगीकरणात असलेले दोन पाळीप्रमुखही होते. मेमरी आठ जीबी करणं हा दुसरा. खर्च किरकोळ, पण ५८ ऐवजी १२० जोडण्या आल्या की तेच. तिसरा, लगेच ०.११.९ बसवणं. चौथा, आवृत्ती तीच ठेवून सेटिंगमध्ये मर्यादा घालणं आणि अपग्रेड गुरुवारी, कारखाना बंद असताना.

माझा कल तिसऱ्याकडे होता. अडसर त्या जादा मॉड्यूलचा. ते नव्या आवृत्तीवर चालेल की नाही हे कुणी तपासलेलं नव्हतं, आणि पाळीप्रमुखांचे गट त्याच्यावरच उभे होते. मॅनेजर म्हणाले, "मधेच चॅट पूर्ण बंद पडली तर रात्रीच्या पाळीला मी काय उत्तर देऊ? गुरुवारपर्यंत तग धरा." चौथा पर्याय ठरला. मला तो निर्णय आजही पटतो. त्याची अंमलबजावणी आम्ही ज्या घाईने केली ती पटत नाही.

काय केलं

सोमवारी दुपारी बाराला फायरवॉलवर नियम घातला: एका पत्त्यावरून जास्तीत जास्त १० जोडण्या. पाच मिनिटांत शॉप फ्लोअरवरून ओरड सुरू झाली. कारखान्याच्या वायफायवरचे सत्तरेक फोन बाहेरच्या पत्त्याने फिरून सर्व्हरकडे येत होते, सगळे एकाच पत्त्याआडून. घरच्यांचंही तेच, कारण मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. हल्लेखोराला चार पत्त्यांवरून चाळीस जोडण्या मोकळ्या, आणि आपल्या ऑपरेटरांना दार बंद. चाळीस मिनिटांनी नियम काढला.

साडेतीनला पाळी बदलताना दुसरा प्रयत्न. स्टँझाची मर्यादा घटवायची, पण किती? एक्सएमपीपीचं मूळ मानक, आरएफसी ६१२०, सांगतं की सर्व्हरने ही मर्यादा १०,००० बाइटच्या खाली नेऊ नये. मी तोच आकडा घातला. मानकात आहे म्हणजे सुरक्षित, असा माझा हिशोब. संध्याकाळी सातच्या सुमारास काही फोन सारखे जोडले जात आणि तुटत होते. कारण सापडायला दीड तास गेला. ते फोन जोडले गेले की प्रोफाइलचा फोटो सर्व्हरला पाठवू पाहत. फोटो स्टँझामध्येच जातो, मर्यादा ओलांडतो, सर्व्हर जोडणी तोडतो, अ‍ॅप पुन्हा जोडतं, पुन्हा फोटो पाठवतं. चॅटमधले तपासणीचे फोटो वेगळ्या मार्गाने, एचटीटीपीवरून चढतात, म्हणून त्यांना धक्का लागला नाही. माझ्या डोक्यात फक्त तेच फोटो होते.

रात्री आम्ही शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं: मोजलं. सर्व्हरच्या प्रतीवर काही तास संदेशांचे आकार नोंदवले. रोजचे संदेश दोन केबीच्या आत, प्रोफाइल फोटो साधारण ९० केबीपर्यंत. प्रोसोडीने ०.११.९ मध्ये क्लायंटसाठी मूळ मर्यादा २५६ केबी ठेवली आहे आणि दुसऱ्या सर्व्हरसाठी ५१२ केबी. आमच्या मोजमापात २५६ व्यवस्थित बसत होते. मंगळवारी सकाळी तो आकडा घातला. त्याबरोबर प्रत्येक जोडणीला सेकंदाला १० केबीचा वेग, लॉगिनसाठी तीस सेकंदांची मुदत, कचरा गोळा करण्याची गती वाढवलेली, आणि सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) चॅट सेवेला ६०० एमबीची कमाल मर्यादा, म्हणजे फुगलीच तर ती एकटी मरेल आणि पुन्हा उठेल. गेटपासला हात लागणार नाही.

माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट तीस सेकंदांची मुदत. १० केबीच्या वेगाने तीस सेकंदांत अनोळखी माणूस फार तर तीनशे केबी ओतू शकतो, आणि त्यानंतर त्याला बाहेर काढलं जातं. जोडण्या वाढवल्या तरी प्रत्येकीमागचं नुकसान आता मोजकं होतं.

गुरुवारी कारखाना बंद होता. ०.११.९ पॅकेजमधून बसवलं, सोर्सवरची प्रत काढून टाकली. जादा मॉड्यूल विनातक्रार चाललं. तपासायला वीस मिनिटं लागली. सोमवारी तीच वीस मिनिटं आम्ही कुणी काढली नाहीत. पुढच्या गुरुवारी डेटाबेस वेगळ्या मशीनवर हलवला.

परिणाम

मंगळवारी रात्री ते चार पत्ते पुन्हा आले, बुधवारीही. मेमरी १५० एमबीच्या आसपास जाऊन खाली उतरली. शनिवारनंतर ते दिसले नाहीत. शुक्रवार ते मंगळवार या काळात चॅट आणि गेटपास मिळून सात वेळा बंद पडले; त्यांतल्या दोन वेळा आमच्याच हाताने, एकदा फायरवॉलमुळे आणि एकदा १०,००० च्या आकड्यामुळे.

कोण होतं, हे कळलं नाही. पत्ते भाड्याच्या क्लाउड सर्व्हरचे होते. संबंधित कंपन्यांना तक्रार पाठवली. त्यांनी शुक्रवारचे लॉग मागितले तेव्हा लक्षात आलं की लॉग फिरते ठेवले होते आणि सोमवारच्या आमच्या खटाटोपात इतक्या नोंदी झाल्या की शुक्रवार-शनिवार पुसले गेले. आज असं झालं तर मामला तक्रारीपुरता राहणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनांची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारच्या त्या फोनवर मी तक्ता स्वतः उघडून पाहायला हवा होता. प्रशासक नवा होता, दमला होता, आणि त्याने जे वाचलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. अनुभव माझ्याकडे होता. पानं आणि केबी यांतला फरक मला ठाऊक होता, पण 'डेटाबेसने मेमरी खाल्ली' ही गोष्ट इतक्या वेळा खरी ठरलेली असते की मी आकडे विचारलेच नाहीत. रविवार वाचला असता.

लॉगची प्रत पहिल्या पुन्हा-सुरू करण्याआधी काढायला हवी होती. गेटवर गाड्या उभ्या असताना हे सुचत नाही हे मला मान्य आहे. म्हणूनच आता ती प्रत सेवा पुन्हा सुरू होताना आपोआप निघते.

फायरवॉलचा नियम घालण्याआधी सध्या एका पत्त्यावर किती जोडण्या आहेत, एवढं पाहायला एक मिनिट पुरे होतं. यादी तर आमच्या हातातच होती; आम्ही तिच्यात फक्त अनोळखी पत्ते पाहिले, आपले पाहिलेच नाहीत. मर्यादेच्या आकड्याचंही तसंच. आरएफसीमधला १०,००० हा आकडा 'याच्या खाली जाऊ नका' असं सांगतो. मी तो 'एवढं पुरेल' असा वाचला.

गुरुवारपर्यंत थांबण्याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. प्रशासकाचं म्हणणं, सोमवारी दुपारीच अपग्रेड केलं असतं तर दोन्ही घोळ टळले असते, कारण नव्या आवृत्तीत योग्य आकडे आधीच होते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझं म्हणणं, न तपासलेलं मॉड्यूल चालत्या पाळीत बदलणं हा जुगार होता आणि तो लागला असता हे आपल्याला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं. प्रतीवर वीस मिनिटं तपासून मग ठरवायला हवं होतं, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

पोर्ट ५२६९, दुसऱ्या एक्सएमपीपी सर्व्हरशी बोलण्याचं दार, हे सगळं होऊनही सप्टेंबरपर्यंत उघडं होतं. कंपनीला बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरशी बोलायचं नव्हतं. ते सापडलं हाताने बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी करताना. त्या यादीत आणखी चार गोष्टी निघाल्या, त्यांतल्या दोन २०१८ पासून अपडेट न झालेल्या. आता प्रत्येक नोंदीपुढे सूचना कुणी वाचायच्या त्याचं नाव आहे, आणि लॉकडाउनमध्ये उघडलेल्या प्रत्येक पोर्टपुढे ते पुन्हा तपासायची तारीख.